नखं उन्हात वाळव म्हणलो होतो

माझं आपलं एकच चालू होतं, नखं रंगवून कुठं घर चालतं का? माझी बहीण वाटूरला घरीच जेलची नखं करून देती, म्हंजे नखांवर चिकट नेलपॉलिशचा जाड थर. ती पक्की व्हायला यूव्ही दिवा लागतो, तो ती मला मागून राह्यली होती. मी इकडं चाकणला कंपनीत. फोनवर म्हणलो, "आपल्याकडं ऊन कमी हाये का? उन्हात वाळव."

तिनं खरंच तिच्याकडं आलेल्या एका नवरीला उन्हात बसवलं. जेल चिकटच राह्यलं. आज हळदीत दहाही नखं पिवळी झाली. नवरीची आई सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्या बहिणीला बोलली.

मंग तिचा फोन आला. "दादा, उन्हात वाळवायचं कुणी सांगितलं म्हणून इचारत होते. मी तुझं नाव न्हाई घेतलं."

मी दिव्याची किंमत इचारली.

मित्रांनो, घरच्यांच्या कामाला तुम्हीबी असंच हसता का? दिव्यासाठी पाठवून राह्यलोय, पंधराशे रुपये.