पंचमीची मोटार

पावसाळा लागला की आमच्याकडची काळी जमीन माणसाच्या पायातले जोडे काढून घेते. चुडाव्याच्या स्टेशनाजवळचं माझं सासर आणि तिथून अर्ध्या दिवसाच्या बैलगाडीवर माहेर. पण मृगापासून दसऱ्यापर्यंत त्या वाटेला बैलही धड जायचा नाही. निजामाच्या शेवटच्या पावसाळ्यात लोक त्या चिखलाला दुवा देत होते. निजामाविरुद्धच्या चळवळीतली पोरं माझ्या माहेरच्या गावात लपली होती, आणि त्यांत माझा धाकटा भाऊ होता. चिखल होता तोवर तो सुखरूप होता.

आमच्या भागाच्या जहागीरदाराला हे खुपत होतं. त्याने महायुद्धानंतर विकायला निघालेली एक लष्करी जीप आणवली. रेल्वेच्या उघड्या डब्यातून ती उतरली तेव्हा अख्खं गाव बघायला लोटलं. ना दार, ना धड छप्पर. जहागीरदाराचा ड्रायव्हर ऐटीत म्हणाला, ही डोंगर चढते. चढत असेल, आमच्या पाणंदीत ती पहिल्याच दिवशी पोटापर्यंत रुतली आणि बैलं जुंपून काढावी लागली. मी पदर तोंडात कोंबून हसले.

मग हुकूम आला तो माझ्या नवऱ्याला. हे सुतार, यांच्या हातच्या बैलगाड्यांना चांगलं नाव होतं. जीप आमच्या दारात उभी करून सांगितलं, चिखलात चालवून दाखव. नाही म्हणायची सोय नव्हती, हे मला कळतं. पण खरं सांगते, हुकुमाचं ओझं यांना फार दिवस वाटलं नाही. यांना त्या गाडीचं वेडच लागलं. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये चिखल भरतो म्हणून लोहाराकडून ते पत्रे वर उचलून बसवून घेतले. चाकांना बाभळीच्या पट्ट्या दोराने बांधल्या, दोर तुटले. साखळीने आवळल्या, पट्ट्या फुटल्या. मग पट्ट्यांवर लोखंड चढवलं आणि चाकाची माती खरडायला मागे फळ्या बसवल्या. जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसायचा.

पंचमीच्या सकाळी हे हसत घरात आले. "चल, लय दिस म्हायेरासाठी रडायलीस. आज मोटारीत नेतो तुला." गाडीची परीक्षा घ्यायचीच होती, आणि यांना माझ्या माहेरच्या वाटेहून वाईट रस्ता ठाऊक नव्हता. मी नवी चोळी घालून ड्रायव्हरच्या मागे बसले. वाटेत मनात काहीसुद्धा आलं नाही. मन केव्हाच माहेरी पोहोचलं होतं.

पंचमीला लेक आली की भावाने शिवेवर सामोरं यायचं, ही आमच्या घरची रीत. एरवी परक्याची चाहूल लागली की ज्वारीत दडणारा माझा भाऊ माझी हाक ऐकून ओढ्यापलीकडे उघड्यावर आला. वर ड्रायव्हरलाच ओरडून वाट सांगू लागला, "इकडून घाला, इकडं खाली खडक हाय!" जीप ओढा चढून आली. यांनी तर आनंदाने मांडीवर थाप मारली.

आईने ड्रायव्हरलाही पाटावर बसवून पुरणाची दिंडं वाढली. लेकीला घेऊन आलेला माणूस उपाशी कसा पाठवायचा? तो पोटभर जेवला आणि त्याने मला विचारलं, "ये तुमारा भाई क्या?" माझ्याआधी आईच कौतुकाने म्हणाली, "व्हय, येकुलता येक."

सण सरला, मी अजून माहेरीच होते, आणि जीप पुन्हा आली. या वेळी तिच्यात बंदूकवाले होते. ओढ्यात खडक कुठे, आमचं दार कुठलं, भावाचा चेहरा कसा, ड्रायव्हरला कुणालाच विचारावं लागलं नाही. गाडी कुठे म्हणून अडली नाही. भर दुपारी भावाला तिच्यात घालून नेलं.

यांच्यावर राग धरावा तर धरवेना, सोडावा तर सोडवेना. मला माहेर दाखवायची हौसच होती ना त्यांना. रडणंसुद्धा आम्ही दोघं वेगवेगळ्या कोपऱ्यात रडलो.

मग निजामाचं राज्य गेलं. हिंदुस्थानच्या फौजेच्या तसल्याच गाड्या रांगेने आमच्या गावावरून जायला लागल्या. लोक गुलाल उधळत होते, हार घालत होते. माहेराहून चिखल तुडवत आलेली माझी आई मात्र एकेका गाडीला हात लावून आत वाकून बघत होती. मी तिचा दंड धरला. "माय, चल घरी."

"थांब की गं," ती म्हणाली. "ह्याच्यातच नेलं न्हवं त्याला? मंग ह्याच्यातच आणतील."

शेवटची गाडी गेली तरी ती रस्त्यावरून हलायला तयार नव्हती.