अकोल्यापर्यंत न रडवता

जगात मुलांना जन्म देणारे पुष्कळ आहेत, त्यांचे लाड करणारे त्याहून पुष्कळ. पण दोन वर्षांच्या पोराला अमरावतीहून अकोल्यापर्यंत गाडीतून न रडवता नेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. राजापेठेत भाड्याची एक जुनी पांढरी व्हॅन चालवणारे ते गृहस्थ. सगळा स्टँड त्यांना ‘चाचा’ म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. मूळचे परतवाड्याचे. तिथल्या जिनिंगमध्ये वीस वर्षं काढली, आणि कापसाचे दिवस फिरले तसं ते जिनिंग बंद पडलं, तेव्हा पन्नाशीत त्यांनी स्टिअरिंग हातात घेतलं. त्यामुळे गाडी ते बेताचीच चालवत. बैलगाडी पुढे गेली तरी त्यांना वाईट वाटत नसे. पण पोरं सांभाळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्यांच्या गाडीत पोर बसलं की त्या पोराचा बाप, आजा, मामा सगळे बिनकामाचे ठरत. पोर म्हणजे ‘साहेब’. साहेबांना पुढची सीट, साहेबांना मांडीवर धरायला एक माणूस, आणि उरलेल्या गोतावळ्याने मागे गुपचूप बसायचं. “साहेब, गाडी काढू?” असं विचारून साहेबांनी मान हलवल्याशिवाय किल्ली फिरत नसे. एकदा एका साहेबांनी पाऊण तास मान हलवली नाही आणि मागे बसलेल्या मंडळींचा मुहूर्त टळला, असं मी ऐकलं होतं. चाचांना विचारलं तर म्हणाले, “साहेबायचा मूड नव्हता, मी काय करू?” खेळण्यांवर त्यांचा राग होता. बिस्किटांवर त्याहून. त्यांचा सगळा भरवसा मुरमुऱ्यांवर, आणि तेसुद्धा एका वेळी एक. “मूठभर देल्ले त बडनेऱ्यालेच संपते जी. एक-एक देल्ला त मुर्तिजापूर येते.” अकोल्याच्या एका नामांकित वकिलांचा नातू कुरूमजवळ बिथरला तेव्हा चाचांनी गाडी बाजूला घेतली, मागे वळले आणि अत्यंत अदबीनं म्हणाले, “वकीलसाहेब, म्हशीचा आवाज काढा. माहा आवाज यायले आता जुना झाला.” वकिलांनी काढला. पुढे कोर्टातही त्यांचा आवाज सुधारला, असं चाचांचं मत होतं.

हिवाळ्यात आणखी एक गंमत असे. कापसाने फुगलेल्या ट्रकांमधून निसटलेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेला असायचा. चाचा गाडी थांबवून त्यातला एक पुंजका ओढून आणत आणि साहेबांच्या हातात देत. त्यातली सरकी चिमुकल्या बोटांनी वेगळी काढता काढता अर्धा तास कसा जाई ते कळत नसे. पुढे पुढे बाभळींवर कापूस कमी दिसायला लागला. लग्नाची भाडीही कमी झाली, दवाखान्यांची वाढली. आमच्याकडे त्या वर्षांत शेतकऱ्यानं ‘औषध घेतलं’ असं कोणी म्हटलं की कोणतं, असं विचारायची गरज उरली नव्हती.

मी त्यांच्या गाडीत बसू लागलो तो माझी मुलगी सव्वादोन वर्षांची असताना. तिची आई अकोल्याला माहेरी गेली होती. तिथे तिला ताप आला आणि आठ दिवसांत ती गेली. मुलगी तेव्हा माझ्या आईजवळ अमरावतीलाच होती. “आई कुते?” असं ती विचारायची आणि आम्ही “अकोल्याला” म्हणायचो. ती होती तोवर ते खरं होतं. नंतर खोटं झालं, पण उत्तर बदलण्याची हिंमत मला झाली नाही. मी शाळामास्तर. दुसऱ्यांच्या पोरांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करणारा. महिन्यातून दोनदा मी तिला अकोल्याला आजीकडे नेई. तिथे तिने आई शोधली की सासूबाई डोळ्याला पदर लावत आणि म्हणत, “आई अमरावतीले गेली वो माय.” आमच्या दोघांत असं काही ठरलेलं नव्हतं. ज्याला त्याला आपल्या दारातलं रडणं थांबवायचं होतं, एवढंच.

मुलगी जाताना आनंदात असे आणि येतानाही आनंदात असे. मी सगळं श्रेय चाचांना देऊन मोकळा होई आणि तिला मांडीवर घेऊन डोळे मिटून बसे. शाळेत मी त्यांची कीर्ती इतकी गायली की दोन शिक्षकांनी त्यांची गाडी ठरवली.

एका रविवारी दुपारी अकोल्याहून परत येत होतो. काटेपूर्णेच्या अलीकडे गाडी थांबली म्हणून मी डोळे उघडले. चाचांनी इंजिन बंद करून दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

“सर, तुमी इले काय सांगून राहिले?”

“कशाबद्दल?”

“जातानी म्हणते, आई तिकडं हाय. येतानी म्हणते, आई तिकडं हाय. दोन्ही टायमाले समोर बोट दाखवते. पोरगी माह्याच्यानं खुश नाई राह्यत जी. मी समजो, आपन लय हुशार.”

“लहान आहे हो चाचा. तिला काय कळतंय?”

“कळत नाई, त मंग फसवता काहून?”

मला राग आला. भाड्याच्या गाडीवाल्यानं मला शिकवावं! पण ते माझ्याकडे बघत नव्हते. समोर बघत हळूहळू बोलत होते. “मी या गाडीतून लय लेकरं नेली, सर. बाप दवाखान्यात संपलेला असे. लोकं म्हणत, चाचा, गावापर्यंत लेकराले हासवत ने. मी नेलं. दारात मानसं जमलेली दिसली की लेकरू पह्यले माह्याकडं पाहे. थ्याले वाटे, यानंच फसवलं. खोटं बी नव्हतं थे. आता माह्याच्यानं होत नाई. तुमी सांगा, नाई त दुसरी गाडी पाहा.”

मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते नीट लिहिता येणार नाही. आई अकोल्याला नाही, अमरावतीलाही नाही, ती मेली, आता ती येणार नाही, असं काहीतरी. ‘मेली’ हा शब्द तिच्यासाठी नवा होता, आणि खरं म्हणजे माझ्या तोंडूनही तो पहिल्यांदाच निघाला. तिनं समोरच्या रस्त्याकडे बोट केलं. मग तिनं विचारलं, “मंग आपन कुते चाल्लो?”

त्यानंतर जे रडणं सुरू झालं ते बडनेऱ्याच्या पुढेही थांबलं नाही. मुर्तिजापूरला मी चाचांना म्हणालो, “काहीतरी करा हो.” ते म्हणाले, “रडू द्या. मीबी रडलो असतो, पन गाडी चालवून राहिलो ना.”

त्यानंतर कित्येक महिने ती त्यांच्या गाडीत चढायलाच तयार नसे. चाचा दार उघडून उभे राहत आणि ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून घेई. “साहेबाचा राग हाय माह्यावर,” एवढंच ते म्हणत आणि गाडी रिकामी परत नेत. आम्ही एसटीनं जायचो. मग एका सकाळी तिनं आपणहून चपला घातल्या आणि म्हणाली, “आजीकडे जायचं.” आईचं नाव नाही. जी तिथे खरोखर होती, तिचंच नाव. मी स्टँडवर जाऊन चाचांना सांगितलं, तर त्या माणसानं रुमालात तोंड खुपसलं आणि मलाच त्यांना चहाच्या टपरीवर नेऊन बसवावं लागलं.

पुढे डोळे अधू झाले म्हणून ते परतवाड्याला मुलाकडे गेले आणि तिथेच वारले. मला कळलं तेव्हा चाळिसावाही होऊन गेला होता. मुलगी आता कॉलेजात आहे. तिला आईचा चेहरा आठवत नाही, चाचांचाही नाही. परवा सहज विचारलं, तर म्हणाली, “बाबा, मला एवढंच आठवतं, गाडी थांबली होती आणि तुम्ही खूप रडत होता.”

मी तिला म्हणालो, अगं, रडत होतीस ती तू. पण म्हणताना माझाच मला भरवसा वाटेना. त्या गाडीत तेव्हा आम्ही तिघंच होतो, आणि आता खरं काय ते विचारावं असं कोणी उरलेलं नाही.