लाल उजवीकडं

इनासला त्याच्या साहेबांनी फसवलं. त्याने दगड उलटा धरून वाचला, असा आळ घेतला आणि तो आळ डोक्यावर घेऊनच इनास गेला. परवा नंदाखालच्या चर्चमध्ये त्याला जाऊन महिना झाल्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली. तोवर मी गप्प बसलो, आता बसवत नाही.

मी सातिवलीत दगड कापतो. तुळिंजला स्वयंपाकाचे ओटे बसवत सुरुवात केली, मग स्वतःचं मशीन, मग स्वतःचा गाळा. तिथं एकदा हा काटकुळा भूवैज्ञानिक, इनास, पेटीत दगडाचे गोल दांडके घेऊन आला. तेल शोधताना समुद्राच्या तळाखालून काढलेले. ते उभे चिरून हवे होते. मी दर सांगितला. तो म्हणाला, "शेठ, ओटा कापताय की हिरा?" मी म्हटलं, "हिरा असता तर सुरतेला गेला असतात." हसला, पण दर पाडूनच गेला. दुसऱ्या दिवशी घरच्या वाडीतल्या केळ्यांचा घड आणून ठेवला. घासाघीस करून वर मला लाजवणारा तो पहिलाच...

मग येतच राहिला. चिरलेला तुकडा ओला करून कण बघायचा आणि चक्क कोपरा दाताखाली धरायचा. करकरला तर रेती, विरघळला तर निव्वळ चिखल. "घरी मासे देत नाहीत का?" मी विचारायचो. जाड रेती आधी बसते, बारीक तिच्यावर. त्यावरून कुठल्या पाण्याने हा गाळ कसा आणून टाकला, ते तो सांगायचा. थर कुठं कलले, कुठं तुटून सरकले, तिथं भोक पाडलं तर खडक टिकेल की फुटेल, सगळं त्याला त्या दांडक्यात दिसायचं. कापण्याआधी मात्र प्रत्येक दांडक्यावर दोन उभ्या रेघा स्वतः ओढायचा. वरची बाजू वर धरली की लाल उजवीकडं, काळी डावीकडं. त्याशिवाय मशीनला हात लावू द्यायचा नाही. खिशातली दोन पेनंही त्याच क्रमाने.

शेवटच्या तेलविहिरीची जागा ठरवायला शेजारच्या जुन्या भोकातून काढलेला दगड बघायला साहेब माझ्या गाळ्यावर आले होते. इनास म्हणाला, "सर, ही बाजू आधीच तडकलेली आहे. भिंती धरून ठेवायला आपण जड चिखल भरणार, त्या दाबानेच खडक फुटेल. विहीर पूर्वेला सरकवा."

"इनास, खोदायची रिग निघाली आहे. आता जागा हलायची नाही."

मी तिथंच चहा ओतत होतो. इनासने पुन्हा सांगितलं. साहेब चहा तसाच ठेवून उठले.

खडक फुटला. चिखल फटींत गेला, विहीर सोडून द्यावी लागली. मग बैठकीत साहेबांनी सांगितलं की ती बाजू मजबूत आहे असं इनासच म्हणाला होता; त्याने दगड उलटा वाचला, त्यामुळे थरांचा कलही उलटा धरला. ऑफिसातली पोरं त्याला 'उलटा इनास' म्हणू लागली. "अरे, भांड ना!" मी ओरडलो. तो म्हणाला, "शेठ, दगड आहे ना. तो बोलेल." दगड कुठं बोलतो...

इनासच्या बायकोचा, लुर्दवहिनींचा, फोन आला तेव्हा पातं फिरत होतं. "हे गेले," एवढंच मला दोनदा ऐकावं लागलं. शवपेटीत त्याच्या खिशात वहिनींनी दोन्ही पेनं ठेवली होती, पण काळं उजवीकडं. मी वाकून बदललं. मागे साहेब कुणाला तरी सांगत होते, "चूक झाली बिचाऱ्याकडून, पण माणूस गुणी." मी त्यांची गचांडी धरायला वळलो. वहिनींनी माझा हात घट्ट धरला. "भावजी, इथं नको."

तिथं नको, म्हणून इथं लिहितो.

साहेबांना दाखवलेल्या त्या दगडाचा एक तुकडा चिरताना फुटला होता, म्हणून तो परत गेलाच नाही. माझ्या टेबलावर उभा आहे. जाड रेती खाली, बारीक वर. लाल उजवीकडं. एका कोपऱ्यावर इनासच्या दातांची खूण... साहेब, चहा मी ठेवतो. या, हा दगड हातात घ्या आणि लुर्दवहिनींसमोर सांगा, उलटा कोणी धरला?