बिल्ल्यावरचं नाव

आमच्या शेठनं लढाईच्या दिवसांत कल्याणच्या मालधक्क्यावर हमाल पुरवण्यापासून सुरुवात केली. पुढं ठाण्याच्या आसपास कारखाने उभे राहू लागले, तशी त्यानं ठाणे स्टेशनाजवळ एक खोली घेतली आणि दारावर मजूर पुरवठ्याची पाटी लावली. त्या खोलीत मी कारकून होतो. मॅट्रिक झालेला, दोन मुलींचा बाप, अक्षर सुंदर. ते अक्षर कशा कामाला लागलं, ते आठवलं की आजही माझी मला लाज वाटते.

सलग काम झालं की माणूस कायम नोकरीचा हक्क सांगतो, ही शेठची धास्ती. म्हणून दर चार महिन्यांनी मजुराचा पत्र्याचा बिल्ला काढून घ्यायचा, त्याला आठ दिवस घरी बसवायचं आणि नव्या नावानं परत कामावर घ्यायचं. कधी भावाचं नाव, कधी साडूचं. काहीच सुचलं नाही तर मीच एखादं ठोकून द्यायचो. प्रत्येकाला बजावायचो, "बिल्ल्यावरच्या नावालाच हजर म्हणायचं. दुसऱ्या नावाला तोंड उघडलंस, तर त्याच दिवशी घरी." सुरुवातीला माणसं हसायची. पुढं हसेनाशी झाली.

कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात आमचा एक हमाल होता, तिथल्याच खाडीकाठच्या गावचा. मिठागरातलं काम सुटल्यावर आलेला. पाच वर्षं त्यानं पोती वाहिली, पंधराएक नावांनी. कायम झालेल्यांना यंत्रावर घेत. आमच्या माणसांच्या नशिबी फक्त पोती. "भाऊसाहेब, पाठ मोडाचे आदी मना कायम करा," असं तो मला म्हणायचा. जसं काही ते माझ्या हातात होतं.

एकदा ते खरंच माझ्या हातात आलं. कारखान्याला पाच माणसं कायम करायची होती. शेठनं आपल्या गाववाल्यांची नावं सांगितली. मी यादी इंग्रजीत उतरवली आणि शेवटचं नाव गाळून तिथं या हमालाचं खरं नाव घातलं. शेठला इंग्रजी वाचता येत नव्हतं. हमालाला मात्र मी काहीच बोललो नाही. तो चार जणांना सांगेल आणि माझी नोकरी जाईल, ही भीती. जन्मात एक हिंमत केली, तीही अर्धवट.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर कारखान्याच्या साहेबानं नावं पुकारली. चौघे आत गेले. मग त्याचं नाव आलं. तो माझ्यापासून चार हातांवर उभा होता. त्यानं मान खाली घातली आणि बिल्ला मुठीत घट्ट धरला. साहेबानं पुन्हा पुकारलं. शेठ माझ्याकडे बघत होता.

"या नावाचा तुमच्यात कुणी आहे का?" साहेबानं मला विचारलं.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

साहेबानं नावावर काट मारली आणि शेठनं पुढं केलेल्या त्याच्या पाचव्या गाववाल्याला आत घेतलं.

संध्याकाळी मी हमालाला गाठून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नाव आयकला मी. मना वाटला, पकडाला पुकारतान. तुमीच सांगितला व्हता ना."

महिन्याभरात त्याचा बिल्ला बदलायची वेळ आली. नवं नाव मीच लिहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून दोनदा वाचून दाखवलं. ते नाव पुटपुटत, पाठ करत, तो फाटकाकडे गेला.