हरलेल्या हिवाळ्यातला नारळ

माझं लग्न झालं त्या हिवाळ्यात पिंपळीचा कबड्डी संघ एकही सामना जिंकला नाही. माझे पती त्या संघाचे कर्णधार. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. फळीवर त्यांचे चषक आहेत, ते मी पुसून ठेवते. पण आठवतो तो हाच हिवाळा, ज्याचा एकही चषक नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. ऊसतोड सुरू झाली की आमच्या भागात गावोगावी स्पर्धा भरत. पहिलीच निरवांगीला, म्हणजे माझ्या माहेरी होती. तिथं जावयाचं कौतुक जेवणापुरतंच टिकलं. "जावईबापू, पुरणपोळी जिरली का? मग चला हरायला!" कुणीतरी ओरडलं आणि सगळं मैदान हसलं. हेही हसले. आणि हरले. मग इंदापूरला हरले, सुप्याला हरले. आधीच्या वर्षी याच सात गड्यांना तालुका घाबरत होता.

एके दिवशी चुलतसासू आमच्या चुलीपुढं बसून सासूबाईंना म्हणाल्या, "गडी त्येच, खेळ त्योच. घरात नवं काय आलंय, तेवढं बघा."

सासूबाईंनी नुसतं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. तेच मला जास्त लागलं. पुढं नळावर, गिरणीत, सगळीकडं माझ्या पायगुणाची कुजबुज सुरू झाली. मी बी.ए. झालेली होते. असलं काही नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी उंबरा ओलांडताना माझी नजर माझ्याच पावलांवर जाऊ लागली.

शेवटची स्पर्धा आमच्याच गावात होती. "एवढा एक सामना जिंका," मी यांना म्हणाले. लग्नानंतर त्यांच्याकडं मागितलेली ती पहिली गोष्ट. का, ते त्यांनी विचारलं नाही. म्हणजे त्यांच्याही कानावर सगळं आलं होतं.

सामन्याच्या दिवशी आम्ही बायका शाळेच्या भिंतीलगत बसलो होतो. मैदानाचा नारळ फोडायचा मान मंडळाच्या वयोवृद्ध तात्यांचा. ते निघाले, तोच यांनी त्यांच्याकडून नारळ मागून घेतला आणि मला हाक मारली. "हिकडं ये. चपला काढून ये."

तात्या थबकले. "आरं, बाईमाणूस मैदानात? असं कधी झालं न्हाय."

"तात्या, येवढं हरायचं तरी कधी झालं हुतं? यंदा हे बी बघू."

लोक हसले. मी उठले. चाळलेली माती पायांखाली गार लागत होती आणि सगळ्यांच्या नजरा त्याच पायांवर होत्या. आज हरलो तर हे बोल मला जन्मभर पुरतील, एवढंच मनात होतं. पहिल्या फटक्यात नारळ फुटला नाही. "झालं!" मागून कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या फटक्यात फुटला.

आम्ही एका गुणानं हरलो. शेवटच्या चढाईत हे पकडले गेले, तेव्हा त्यांचा ताणलेला हात मध्यरेषेपासून बोटभर मागं होता.

चुलतसासूंनी माझ्याकडं मान वळवली. तेवढ्यात हे मातीनं माखलेले उठले, संघाला घेऊन थेट आम्हा बायकांसमोर येऊन उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "सांगा रं, कसं हरलो? आधी मी सांगतो. शेवटाला मी बोनसच्या जादा गुणाच्या नादी लागलो, म्हणून सापडलो."

डाव्या कोपऱ्यावरचा गडी मान खाली घालून म्हणाला, "मी घोटा सोडून गुडघा धरला. दोनदा."

तिसरा म्हणाला, "कप्तानाच्या लग्नातली बुंदी माज्या अंगातनं आजून उतरली न्हाय."

भिंतीलगतच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सासूबाई सर्वांत मोठ्यानं.

जिंकल्यावर त्यांनी मला मैदानात बोलावलं असतं, तर मी शुभ ठरले असते. आणि पुढच्या हारीला पुन्हा अशुभ. हे मला फार उशिरा उमगलं. पुस्तकं मी वाचलेली. पण त्यांना ते त्या दिवशी, हरण्याआधीच कळलं होतं.

पुढच्या वर्षी तात्या स्वतःच नारळ घेऊन माझ्यापाशी आले. "धर, सूनबाई. चपला काढ."

तोही सामना आम्ही हरलो. चुलतसासू कपाळावर हात मारून उठल्या आणि मैदानाकडं बघून ओरडल्या, "आरं, त्या डाव्या कोपऱ्यानं परत गुडघाच धरला की रं!"