बंडूचे सात डबे

मी आज पदवीधर आहे तो सावंतबाईंमुळे. मी खानदेशातून राखोलीच्या सूत कारखान्यात कामाला लागलो आणि सिल्वासात बाईंच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. चावी मागायला गेलो, तर बाई पिंजऱ्यासमोर बसून कच्चं गाजर कराकरा चावत होत्या आणि आतल्या पोपटाला म्हणत होत्या, "अहाहा, काय गोड! तुला नाही देणार, जा." मग माझ्या हातात एक तुकडा देऊन म्हणाल्या, "खा. आणि तोंड वाकडं करू नकोस, तो बघतोय."

मी खाल्लं. चावी मिळाली.

बाई मूळच्या कोकणातल्या. सरकारी शाळेत गणित शिकवायच्या, एकट्या राहायच्या. बंडू हा करड्या अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा कॉकाटील. आपल्याकडचा हिरवा पोपट पाळायला बंदी आहे, त्यामुळे कोणी आलं की पाणी देण्याआधी बाई सांगायच्या, "हा परदेशी जातीचा आहे हं." बदली झालेल्या एका कुटुंबाने तो त्यांना दिला होता. त्या घरी त्याने वर्षानुवर्षं फक्त सूर्यफुलाच्या बिया खाल्ल्या होत्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, याच्या यकृतावर चरबी चढली आहे. भाज्यांवर आणा, नाहीतर फार दिवस काढणार नाही.

पण बाईंची शाळा सकाळची. रोज चिरत कोण बसणार? म्हणून रविवारी तासभर बैठक असे. गाजर, लाल भोपळा, फरसबी, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, सगळं इतकं बारीक की बंडूला आवडीचं वेचता येऊ नये. त्यात शिजवून गार केलेली नाचणी. हे सात छोट्या स्टीलच्या डब्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात. रोज संध्याकाळी एक डबा खाली उतरवायचा, सकाळी त्यात चिमूटभर मोड आलेले मूग टाकायचे, की झालं. शाळेला निघताना उरलेलं काढून टाकायच्या, कारण उन्हाळ्यात ते लगेच आंबतं. संध्याकाळी चमचाभर बाजरी. "सोमवारी कुणीच शहाणं नसतं रे," त्या म्हणायच्या, "म्हणून रविवारीच शहाणं होऊन घ्यायचं."

बंडू मात्र डब्याकडे पाठ फिरवायचा. बाईंचं म्हणणं, पोपट आपल्याला थवा समजतो. थवा खाईल ते तो खातो. त्यामुळे त्या थव्यात माझी भरती झाली. बारा तासांच्या पाळीवरून आलेला मी पिंजऱ्यासमोर बसून शेवग्याचा पाला चघळत "वा, वा" म्हणायचो.

"मनापासून म्हण, कैलास. तुझं त्याला खोटं वाटतंय."

"बाई, मलाही खोटंच वाटतंय."

बाहेरून बी.ए. करताना पहिल्याच वर्षात मी दोनदा नापास झालो होतो. कामावरून आलं की पुस्तक उघडवत नसे. बाईंना कळलं तेव्हा त्यांनी उपदेश केला नाही. पुढच्या रविवारी मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसवलं आणि तसेच सात डबे पुढे ठेवले. "मी भोपळा चिरते, तू धडा चीर. एका डब्यात एक कागद, त्यावर एकच प्रश्न." रोज चहाच्या सुट्टीत मी डबा उघडून एक कागद वाचू लागलो. कारखान्यातले सोबती विचारायचे, "कैलासभाई, आज कौनसी सब्जी?" मी म्हणायचो, "इतिहास."

मग बाईंना निवडणुकीची ड्युटी लागली. तीन दिवस बंडू माझ्या खोलीत होता. पहिल्या दिवशी त्याने सगळी भाजी माझ्या वहीवर उडवली आणि तुरा पाडून बसून राहिला. आमच्या घरी पाहुणा जेवला नाही तर आई त्याच्या आवडीचं काहीतरी करून वाढतेच. मला राहवेना. बाजारातून सूर्यफुलाच्या बिया आणल्या. तिन्ही दिवस वाटी भरून दिल्या. बंडू शीळ घालत होता, मीही खूश.

बाई आल्या. पिंजरा उचलताना त्यांना तळाशी एक टरफल दिसलं.

"बिया दिल्यास का रे?"

"नाही, बाई."

त्यांनी टरफल उचलून कचऱ्यात टाकलं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

पुढचा महिनाभर बंडू डब्याला शिवला नाही. बियांसाठी किंचाळायचा. बाई रोज त्याला काट्यावर ठेवून वजन बघायच्या, आणि मी पुढ्यात बसून पाला चघळायचो. आता मात्र मनापासून. त्याला काही झालं तर ते माझ्यामुळे, हे मला पक्कं माहीत होतं. एका रविवारी त्याने माझ्या ओठांजवळचा पाला ओढून घेतला आणि खाल्ला. बाई हातातली सुरी ठेवून टाळ्या वाजवू लागल्या. मी तोंड धुवायला म्हणून मोरीत गेलो.

निवृत्त झाल्यावर बाई बंडूला घेऊन कोकणात गेल्या. माझे सात डबे माझ्याकडेच ठेवून गेल्या. मागच्या महिन्यात मी त्यांना पत्र पाठवलं, ते असं:

"ती. बाईंना सा. न.

बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. आईने निकालाचा कागद देवापुढे ठेवला आहे, मागितला तरी देत नाही. आता एका डब्यात बी.एड.च्या प्रवेशाचा कागद आहे.

एक सांगायचं राहिलं. त्या तीन दिवसांत मी बंडूला बिया दिल्या होत्या, वाटी भरभरून. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. तुम्हाला कळलं होतं, हे मलाही कळलं होतं. तरी पुढच्या रविवारी तुम्ही माझे सात डबे मांडून ठेवलेत.

निकालाचा पेढा म्हणून बंडूला माझ्याकडून सूर्यफुलाची बी द्यावी. एकच. या वेळी तुम्हाला विचारून.

तुमचा,
कैलास"