शालनबाईंचं थंड भट्टीतलं पिठलं

गुरुवारी आमच्या कंपनीत गैरहजेरी कमी असायची. मी टाइम ऑफिसात बसायचो, त्यामुळे कोण कधी आला, कुणाबरोबर आला आणि येताना वाटेत कुठे वळून आला, हे सगळं मला ठाऊक असे. तो माझ्या कामाचाच भाग होता असं मी म्हणतो. माझी बायको वेगळं म्हणते. तर गुरुवारी माणसं अंगात ताप घेऊन कामावर यायची, कारण त्या दिवशी कँटीनमध्ये शालनबाई ओव्हाळांच्या हातचं पिठलं असायचं.

बाई कासारवाडीच्या, माहेर पुनावळ्याचं. उंची बेताची, आवाज मात्र कँटीनमधून निघाला की थेट गेटवर माझ्या खिडकीपर्यंत यायचा. 'माझं चुकलं' हे शब्द त्यांना येत नव्हते असं नाही, पण ते वापरून पाहायची वेळ त्यांनी स्वतःवर कधी येऊ दिली नव्हती. नवरा खंडू आमच्याच कंपनीत, वाळवणी विभागात. तो इतका कमी बोलायचा, की लग्नात दोघांना मिळून शब्दांचा एकच डबा आंदण मिळाला आणि तो बाईंनी आपल्याकडे ठेवला, असं लोक म्हणत. खंडू हे ऐकून हसायचा. हसायला शब्द लागत नाहीत.

आमची कंपनी औषधांची. काही औषधं उष्णतेने बिघडतात, म्हणून ती आधी गोठवायची आणि मग यंत्रातली हवा खेचून घ्यायची. त्यातल्या बर्फाचं पाणी होत नाही, त्याची सरळ वाफ होते आणि माल कोरडा ठणठणीत होऊन हातात येतो. त्या यंत्राला कामगार 'थंड भट्टी' म्हणायचे. बाहत्तरच्या दुष्काळानंतर वरच्या साहेबांच्या मनात आलं, की असंच शिजवलेलं अन्न वाळवून ठेवलं तर दुष्काळात, पुरात, कुठेही पाठवता येईल; गरम पाणी ओतलं की जेवण तयार. त्यासाठी एक छोटी थंड भट्टी वेगळी काढली आणि सुरेंद्र नावाच्या नव्या इंजिनिअरच्या हवाली केली.

सुरेंद्रने पहिल्यांदा उपमा वाळवला. तो पाण्यात भिजवून साहेबांना दिला. साहेबांनी एक घास घेतला आणि विचारलं, "हा दुष्काळात द्यायचा, की दुष्काळ पडावा म्हणून द्यायचा?"

सुरेंद्र आठवडाभर माझ्या खिडकीवरून मान खाली घालून जात होता. शेवटी खंडूनेच तोंड उघडलं. "साहेब, आमच्या हिचं पिठलं टाकून बघा." त्या वर्षातलं त्याचं हे सर्वांत लांब भाषण.

पिठलं-भात पसरट ताटांत भरून भट्टीत गेला. बाई स्वतः आल्या होत्या, आपलं पिठलं परक्याच्या हातात एकटं सोडायची त्यांची तयारी नव्हती. भट्टीच्या दाराला गोल काच होती. त्यातून त्यांनी आत पाहिलं तर नळ्यांवर पांढरा शुभ्र थर चढत होता.

"ह्यो बर्फ बाजारातल्या लादीसारखा न्हाई दिसत," त्या म्हणाल्या.

"नाही बाई. हा भुसभुशीत. हिमालयात पडतो ना, साधारण तसा," सुरेंद्र म्हणाला.

"आन् तितं काच न्हाई मधी?"

"तिथं कसली काच?"

"मंग मला तितं जायचंय."

सुरेंद्रला वाटलं थट्टा चालली आहे. खंडूला तसं वाटलं नाही. तो बायकोला ओळखत होता; त्याने त्या दिवसापासून स्वतःची भाकरी स्वतः थापायला शिकायला सुरुवात केली.

पिठलं उत्तम वाळलं, भिजवल्यावर उत्तम फुललं आणि साहेबांनी ताट पुसून खाल्लं. ही बातमी आमच्या गिरिभ्रमण मंडळाच्या कानावर जायला वेळ लागला नाही; मध्ये माझी खिडकी होती. मंडळाचे अध्यक्ष हरिहर देवधर, हिशेब खात्यातले. त्यांनी हिमालयातली किती शिखरं पायाखाली घातली होती ते गुलदस्त्यात होतं, पण टेबलाच्या काचेखाली मात्र बरीच घातली होती. येत्या मे महिन्यात मंडळ गढवालात बर्फाच्या रेषेपर्यंत जाणार होतं आणि अडचण होती ती अन्नाच्या ओझ्याची. डबाबंद माल म्हणजे निम्मं वजन पत्र्याचं. इथे तर दहा माणसांचं जेवण एका पिशवीत, आणि पिशवी उचलली तर कापूस भरल्यासारखी.

हरिहरराव कँटीनमध्ये आले. तसे ते दर गुरुवारी यायचे, पिठलं दोनदा वाढून घ्यायचे आणि घरी शुभदावहिनींना 'आज दहीभातावर भागवलं' म्हणून सांगायचे. बौद्ध बाईच्या हातचं खाल्लेलं त्यांच्या मातोश्रींना चाललं नसतं, आणि मातोश्रींपुढे उभं राहण्यापेक्षा हरिहररावांना हिमालय सोपा वाटत असावा. शुभदावहिनींना सगळं माहीत होतं. शर्टाच्या बाहीवरचा पिवळा डाग दह्याचा नसतो.

"शालनबाई, मोहिमेसाठी तुमचं पिठलं हवं आहे."

"दिते की. पर मी बी येनार."

"तुम्ही? अहो, ती काय जत्रा आहे? चढ असतो, थंडी असते. आणि तुम्ही सभासदही नाही."

"मंग करा सभासद. भाताचं भगुनं तुमी उचलता का मी? घोरावडेश्वराची लेणी हायेत ना, तितं मी दर बुद्धपौर्णिमेला पाण्याची कळशी घिऊन चढतीया. तुमी मागल्या साली मधीच बसला हुता. मी बघितलंय."

हरिहररावांनी घसा साफ केला. "असं करू. आधी तीन दिवसांचा सराव. मळवलीला उतरून लोहगड, मग तिकोना. तुमचं अन्न पुरलं आणि सगळ्यांना मानवलं, तर तुमचं नाव समितीपुढे ठेवतो. नाहीतर डबे आणि बिस्किटं."

"मी सरावाला यिऊ?"

"नको. अन्न एकटं कसं वागतं ते बघायचंय."

बाईंनी तीन दिवसांच्या पिशव्या भरून दिल्या आणि प्रत्येकाला दोनदा बजावलं: उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा, सावकाश फुलू द्या, मग खा. प्रयोगशाळेतली अरुंधती, मंडळातली एकमेव मुलगी, तिने मान डोलावली. टूलरूमच्या जयसिंगनेही डोलावली. पण जयसिंगची मान जेवणाच्या विषयावर कायमच डोलायची, तिच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता.

पुढे जे झालं ते मी तिघांकडून वेगवेगळं ऐकलं आहे. कासारवाडीला लोणावळा लोकलमध्ये बसले, इथपर्यंत तिघांचं एकमत. पिशवी आधी कुणी फोडली, यावर आजही नाही. जयसिंग म्हणतो सुरेंद्रने फोडली, माल शाबूत आहे का ते पाहायला. सुरेंद्र म्हणतो जयसिंगने, वास घ्यायला. अरुंधती म्हणते, "फोडली कुणीही असेल, 'अरे, हा तर चिवडा!' असं ओरडले ते हरिहरराव."

आणि चिवडाच तो! कोरडं पिठलं कुरकुरीत, भाताचं शीत चुरमुऱ्यासारखं, मीठमिरची नेमकी. आता मराठी माणसाच्या हातात गाडीत असा पदार्थ पडला, की पुढचं ठरलेलंच असतं. जयसिंगच्या सॅकमधून कांदा निघाला. अरुंधतीकडे लिंबू होतं. देहूरोडला शेंगदाणेवाला चढला. वर्तमानपत्र पसरलं गेलं. समोरच्या बाकावर एक वऱ्हाड होतं, त्यांनाही आग्रह झाला. पहिला दिवस तळेगावात संपला, दुसरा कामशेतच्या आत आणि मळवलीला उतरताना तिसऱ्या दिवसाच्या पिशवीत फक्त कोथिंबिरीची काडी होती.

पायथ्याच्या भाजे गावापर्यंत सगळे खुशीत चालले. तिथे तहान लागली. विहिरीचं गार पाणी, पोटभर प्यायले. आणि मग बाईंनी जे पातेल्यात होईल म्हणून सांगितलं होतं, ते पोटात व्हायला लागलं. पिठलं फुललं. भात फुलला. जयसिंगने आधी पट्टा सैल केला, मग काढला, मग तो पट्टा कुणाचा याचीही त्याला पर्वा राहिली नाही. हरिहरराव शाळेच्या ओट्यावर आडवे झाले. गावातल्या एका म्हाताऱ्याने येऊन आस्थेने विचारलं, "कुनाच्या लग्नात जेवलासा, पावनं?"

लोहगड त्यांनी ओट्यावरूनच पाहिला.

सोमवारी पाळी सुटल्यावर कँटीनमध्ये समितीची बैठक भरली. हरिहररावांनी उभं राहून सांगितलं, की अन्न तीन दिवस पुरलं नाही आणि मानवलंही नाही, सबब चाचणी नापास. मोहिमेला डबे आणि बिस्किटं. शालनबाईंच्या नावाचा विचार करण्याचं कारण उरत नाही.

बाई दाराशी उभ्या होत्या. मला वाटलं, आता पत्रे उडतील. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "नापास कोन झालं, पिठलं का तुमी?"

"बाई, परिणाम महत्त्वाचा. अन्न संपलं."

"गोड लागलं म्हनून संपलं ना?"

"हो… म्हणजे, त्याचाच तर दोष आहे."

"मंग दोष काडते. म्होरल्या सोमवारी या."

पुढच्या सोमवारी त्यांनी प्रत्येकापुढे नव्या पिशवीतली मूठभर कोरडा माल ठेवला. जयसिंगने अधीरपणे तोंडात टाकला आणि चेहरा असा केला, की मी बायकोला दाखवायला बोलावणार होतो. मीठ नाही, मिरची नाही, लसूण नाही. नुसतं डाळीचं पीठ आणि भात. अळणी, कोरडं, घशाला चिकटणारं.

"हे कोण खाणार?" सुरेंद्र म्हणाला.

"कोनीच न्हाई. म्हनून गढवालापोत्तर जाईल."

मग त्यांनी तेच पातेल्यात घेतलं, वर उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं. जयसिंगचा हात पुढे आला तसा त्यावर पळीचा टोला बसला. थोड्या वेळाने झाकण काढून त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक पितळी डबा काढला. त्यात मीठ आणि लसणीची कोरडी चटणी. ती वरून भुरभुरली, हलवली, वाढली. कँटीनमध्ये फक्त ओरपण्याचा आवाज राहिला.

हरिहररावांनी ताट संपवलं, रुमालाने तोंड पुसलं (बाहीने नाही, हे मी मुद्दाम पाहिलं) आणि म्हणाले, "उत्तम. प्रश्न मिटला. अन्न आम्ही नेतो, डबा माझ्याकडे द्या."

"तुमच्याकडं?" बाई म्हणाल्या. एवढंच.

पण तेवढ्याने अरुंधतीला हसू फुटलं. "हरिहरराव, डबा तुमच्याकडे असेल तर मी आत्ताच बिस्किटं विकत घेते. चिवडा म्हणून कोण ओरडलं होतं?"

"बरं, मग सुरेंद्रकडे."

"सुरेंद्रकडे?" जयसिंग उसळला. "गेल्या दिवाळीत मंडळाच्या फराळातल्या करंज्या याने पॅकिंग विभागातल्या कुणाला नेऊन दिल्या, सांगू का?"

सुरेंद्र लाल झाला. "आणि डबा याच्याकडे दिला तर पुणे स्टेशन ओलांडायच्या आत चटणी भाकरीला लागलेली असेल!"

"अरुंधतीकडे द्या मग."

"तिच्या लिंबापासूनच सगळं सुरू झालं," हरिहरराव म्हणाले.

मंडळात असं एक नाव निघेना, ज्याला बाकीचे हो म्हणतील. मी सुचवलं, की मतदान घ्या. घेतलं. चिठ्ठ्या उघडल्या तर प्रत्येकाला एकच मत, आणि अक्षरं पाहता ते ज्याचं त्याने स्वतःलाच दिलेलं. बाई ताटं गोळा करत होत्या. त्यांनी कुणाकडे पाहिलंही नाही, त्यांना घाई नव्हतीच.

शेवटी खंडू दारातून म्हणाला, "डबा हिच्याकडंच ऱ्हाऊ द्या की. हिनं आजपातूर मलासुदिक वाढून घिऊ दिलं न्हाई."

हरिहररावांनी खुर्चीत दोनदा बूड हलवलं. "पण राहण्याची सोय… तंबू…"

"माझ्या तंबूत जागा आहे," अरुंधती म्हणाली. "आणि आधीच सांगते, शालनताई नसतील तर मीही नाही."

सभासदत्वाचा अर्ज मीच लिहून दिला. सही बाईंनी स्वतः केली, ठसठशीत, रेघेच्या बाहेर जाऊन.

मे महिन्यात मंडळ गेलं. मी गेलो नाही, माझे गुडघे टाइम ऑफिसपुरतेच. पण अरुंधतीने परत आल्यावर सगळं सांगितलं. वाटेत हरिहररावांना धाप लागली, ती त्यांनी 'दृश्य पाहतोय' म्हणून चार ठिकाणी लपवली. शालनबाईही धापा टाकत होत्या, पण मोठ्याने आणि उघडपणे, सगळ्या चढाला शिव्या देत, आणि कुठे मागे राहिल्या नाहीत. बर्फाच्या कडेला पोचल्यावर त्यांनी आधी चूल मांडली. पाणी उकळलं, पिशवी फोडली, ओतलं, झाकलं. उंचावर गारठा एवढा, की फुलायला खालच्यापेक्षा जास्त वेळ लागणार होता. जयसिंगने झाकणाला हात लावला.

"हात काड."

"ताई, भूक लागलीय."

"मला बी लागलीया. बस खाली."

सगळे पातेल्याभोवती बसले. डबा बाईंच्या कमरेला. करण्यासारखं काही नव्हतं, खाण्यासारखं काही नव्हतं, भांडण्यासारखंही काही उरलं नव्हतं. मग एकेकाची नजर वर गेली. हरिहररावांच्या काचेखालची सगळी शिखरं तिथे एकदम उभी होती, आणि अरुंधती म्हणते, की ते पहिल्यांदाच त्यांची नावं सांगायला विसरले.

बाई कधीपासूनच तिकडे तोंड करून बसल्या होत्या. पातेल्याकडे त्यांची पाठ होती. पिठलं फुललं, झाकणाखालून वाफ निघाली, सुरेंद्र खाकरला, तरी त्या वळल्या नाहीत.

"ताई, झालं असेल आता," जयसिंग अजिजीने म्हणाला.

"असू दे," शालनबाई म्हणाल्या. "आजून जरा बसा."

आणि सगळे बसले.